नव्यानं बनवलेला तुकडा

"खाली खुर्च्या मांडून झाल्या आणि तू अजून इथंच?" सरांनी दारातूनच विचारलं. नवा कोट, चकचकीत बूट. आज ते निवृत्त होत होते.

ताईनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. मुलं आली, शिकली, भुर्रकन उडून गेली. ताई मात्र दरवर्षी वाढवून मिळणाऱ्या करारावर तशीच राहिली.

"सर, जरा बसता का?"

आवाजावरूनच त्यांना काहीतरी कळलं असावं. ते बसले नाहीत.

डीएनए म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची माहिती जपणारा रेणू. त्याला कामाला जुंपायचं, पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्याशा साखळीची, एखादी कडी त्याच्याकडून नेमकी तोडून घ्यायची, या एकाच गोष्टीचा सरांनी ध्यास घेतला होता. शरीरात हे काम प्रथिनंच करतात. लोक तोंडावर हसले, पण सर मागे हटले नाहीत. डीएनएचे असंख्य तुकडे चाळता चाळता ताईचे केस पिकले. आणि अखेर गेल्या महिन्यात एक तुकडा हाती लागला. पेप्टाइड तुटलं! त्या दिवशी सरांना आनंद लपवता येईना. दिसेल त्याला ते हाताला धरून आत आणत होते. संचालकांनी शब्द दिला होता : आजच्या समारंभात हे जाहीर करा, प्रयोगशाळा पुढे चालू ठेवू, ताईंनाही कायम करू.

ताईला मात्र चैन पडेना. तिनं तोच तुकडा, अगदी अक्षर न् अक्षर तोच, बाहेरून नव्यानं बनवून मागवला.

"नव्या तुकड्यानं पेप्टाइड तुटत नाही," ती म्हणाली.

"तो खराब आला असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मग आपला जुना उकळून पाहिला. डीएनए गार झाला की पुन्हा आपली घडी घालतो. प्रथिनाचं उकडलेल्या अंड्यासारखं होतं, ते काही पूर्ववत होत नाही. उकळल्यावर जुन्याचंही काम बंद पडलं, सर. त्यात कुठून तरी प्रथिनच, एखादं एन्झाइम, मिसळलंय. माझ्याच हातून गेलं असेल. तोडत होतं ते. आपला डीएनए नुसता बसून होता."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "उद्या सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"उद्यापर्यंत तुम्ही बोलून मोकळे झाला असता."

"आणि तुझी नोकरी? तिचा विचार केलास?"

"केला ना. सकाळपासून तोच करतेय."

सर खाली निघून गेले. ताई मागच्या दारानं सभागृहात शिरली आणि शेवटच्या रांगेत बसली. आता सर काय बोलणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ते उठले, खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला.

"तुम्हाला एक बातमी द्यायची होती," ते म्हणाले. "ती खरी नव्हती. आज दुपारी कळलं. आम्ही जे शोधत होतो, ते आम्हाला सापडलेलं नाही. दुसऱ्या कुणाला सापडलं, तर मला जरूर कळवा."

लोकांना वाटलं, अजून बोलतील. ते खाली बसलेसुद्धा. मग कुणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी. संचालकांच्या भाषणात सरांचं तोंडभरून कौतुक झालं. प्रयोगशाळेचा विषय काही निघाला नाही.

पांगापांग झाल्यावर ताई वर आली. प्रयोगशाळेत दिवा चालू होता. सरांच्या पत्नी, काकू, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन उंच स्टुलावर अवघडून बसल्या होत्या. सर मोरीशी उभे राहून काचेची भांडी घासत होते. नवा कोट खुंटीला होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"घरी एक कप कधी विसळला नाही या माणसानं," काकू म्हणाल्या.

"सर, राहू द्या. मी करते उद्या."

"उद्या मी नसणार," सर म्हणाले. "आणि पुढं जो कुणी येईल, त्याला भांडी तरी स्वच्छ मिळू देत."

ताईनं फडकं घेतलं आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. सर एकेक भांडं उजेडाकडे धरून पाहत होते, मगच तिच्या हातात देत होते.