टोपणाखालचा सेन्सर

पंपघरातले मिस्त्री मेहुणीच्या प्रयोगशाळेत आले ते मिशीतल्या मिशीत हसतच. पंपाच्या बेअरिंगचं पोलादी घर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते कवच, यंत्रावर छापायचं आणि छापतानाच त्याच्या भिंतीत तापमान सांगणारा सेन्सर पुरायचा, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

“अगं, जिथे पोलादाचं पाणी होतं, तिथे तुझा तांदळाएवढा सेन्सर टिकणार कसा?”

“दोन जळाले, भावोजी. आता हा तिसरा.”

काचेआड लेझरचा ठिपका पोलादाच्या भुकटीवरून सरसर फिरत होता. वितळलेल्या थरावर थर चढत होता. भिंत अर्धी झाली तसं तिने यंत्र थांबवलं. मुद्दाम सोडलेल्या खळग्यातली भुकटी ओढून घेतली, चिमट्याने सेन्सर आत टेकवला, वायर बारीक खाचेतून बाहेर काढली आणि लेझर थेट लागू नये म्हणून वर बटणाएवढं पोलादी टोपण ठेवलं. ते केसभर वर आलं होतं. भुकटीचा पुढचा थर पसरवणारं पातं तिथेच अडलं असतं. तिने टोपण काढलं, घासलं, बसवून पाहिलं, पुन्हा घासलं. ना घाई, ना चिडचिड. मिस्त्री हसायचं विसरून गेले. इतका सफाईदार हात त्यांनी क्वचितच पाहिला होता.

लेझर टोपणावरून फिरला आणि पडद्यावरची तापमानाची रेघ सुसाट वर गेली. दोघंही पडद्याकडे झुकले. रेघ वर जाऊन थरथरली आणि हळूहळू उतरू लागली.

“वाचला!” मेहुणीने टुणकन उडीच मारली.

“टोपणाची युक्ती कुणी सांगितली गं?”

“त्या दोन जळालेल्यांनी!”

बेअरिंगचं ते घर पंपाला बसलं. काही महिन्यांनी एका दुपारी पंपघरातल्या पडद्यावर तापमानाची रेघ चढू लागली. मिस्त्रींनी पंपाला कान लावला, बाहेरून हात लावून पाहिला, सगळं नेहमीसारखंच. ते क्षणभर घुटमळले. मग मेहुणीचा तो सफाईदार हात आठवला आणि त्यांनी सरळ पंप बंद केला. उघडून पाहतात तो वंगण जळून काळं ठिक्कर, बेअरिंगच्या गोळ्यांवर चरे. आणखी थोडा वेळ चालला असता तर पंपाचा दांडाच गेला असता आणि अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले असते.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

“सेन्सर शाबूत आहे ना?” तिचा पहिला प्रश्न.

“ठणठणीत आहे. कौतुक कसं करायचं ते मला जमत नाही बाई, तेव्हा एवढंच सांग, बाकीच्या पंपांची घरं कधी देतेस?”