लंडनपर्यंतचा दोरा

मित्रांनो, साऱ्या जगाचा भार मी एकट्याने पेलला आहे. सात खंड, सगळे महासागर आणि थंडी सरली की सहादू मास्तरांची कानटोपी.

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचा. शाळेत माझे फार कौतुक होत असे. मग एका चेंडूने ब्राझीलला पोचा पाडला आणि शाळेने नवा गोल आणला. भूगोल शिकवणाऱ्या सहादू मास्तरांनी मला नाशिक रोडला आपल्या घरी नेले आणि कपाटावर ठेवले.

१९७८ साली त्यांचा मल्हारी शिकायला लंडनला निघाला. त्याच्या आईचा, सगुणाबाईंचा, एक नेम होता. घरचे माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचे नाही. झाडले, तर वाटेतल्या माणसाला धोका. कोणी हरसूलच्या बाजाराला गेले, तर अर्धा दिवस केर तसाच राही. पण लंडनसाठी किती वेळ ठेवायचा?

मास्तरांनी मला खाली उतरवले आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून चिकटवला.

"एवढंसंच? वीतभरसुद्धा नाही!"

"सात हजार किलोमीटर आहे ते. ताशी नऊशे धर. आठ तास. सकाळी आठला सुटलं की आपल्या चारला तिकडे."

"नक्की ना? चारला झाडू?"

"आता भूगोल तू मला शिकव!"

त्या दिवशी बरोबर चारला घर झाडले गेले.

दिवेलागणीला शेजारचे गोटीराम सांताक्रूझच्या विमानतळावरून परतले. कसारा घाट सगुणाबाईंना सोसत नसे आणि मास्तरांची शाळेत परीक्षा होती, म्हणून मल्हारीला पोचवायला तेच गेले होते.

"वहिनी, चहा टाका! विमान एकदाचं एकला उडालं. आता मध्ये कुवेतला थांबणार म्हणे."

शाळेच्या गणितातल्या गाड्या उशिरा सुटत नाहीत, मध्ये थांबत तर मुळीच नाहीत. सगुणाबाईंनी दोऱ्यावर बोट टेकवले.

"मी झाडलं तेव्हा माझं पोर इथं होतं. पाण्यावर."

"अगं, झाडूचा आणि विमानाचा काय संबंध?" मास्तर म्हणाले. पण तो आवाज वर्गातला नव्हता.

सगुणाबाई उठल्या. सूप घेऊन कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी गेल्या आणि केर परत घेऊन आल्या. कांद्याची सालं, केस, खडूचे तुकडे, सगळे खोलीत पसरले.

"वहिनी, ही विडी तुमच्याकडची नाही," गोटीराम दबकत म्हणाले.

"असू द्या. जास्त झाला तर बिघडत नाही."

तेव्हा मास्तर मुकाट्याने खाली वाकले आणि खडूचे तुकडे वेचून आपल्या खुर्चीखाली, पहिल्या जागी ठेवू लागले.

दुसरा दिवस त्या केरातच उजाडला. सायकलची घंटा वाजली की दोघे दारात. दूधवाला. मग पेपरवाला. दुपारी तारवाला आला, तेव्हा सगुणाबाईंनी हात पुढे केलाच नाही. मास्तरांनी तार फोडली. वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"पोचला," ते म्हणाले.

सगुणाबाई त्या केरातच बसून रडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पाय वर घ्या, झाडायचंय."

मित्रांनो, त्याला दहा वर्षे झाली. मल्हारी पुढे कॅनडात गेला, धाकटी मुलगी मस्कतला. या घरचे कोणी ना कोणी सदैव वाटेत असते. खालचा केर निघतो कसाबसा. कपाटावर फडका फिरवायचा दिवस मात्र उगवत नाही. आफ्रिका दिसेनाशी झाली आहे. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. सगळे सुखरूप घरी असतील त्या दिवशी मलाही पुसा.

तोवर निदान ती कानटोपी तरी काढा.