नक्षी नसलेला बंगला

मित्रांनो, मी धुळ्यातला एक जुना बंगला आहे. पण मला पाहून कोणी जुना म्हणत नसे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, सिमेंटची नवलाई होती तेव्हा माझा जन्म झाला. माझ्या अंगावर कमान नव्हती, नक्षी नव्हती. मात्र बिनकामाचेही काही नव्हते. खिडक्यांवरून सलग गेलेला छज्जा वैशाखातले ऊन बाहेरच थोपवायचा. कोपऱ्यांवरच्या खिडक्या दोन्ही बाजूंनी वारा आत घ्यायच्या. तेव्हा लोक सायकली थांबवून मला बघत. पुढे साधी घरे पुष्कळ झाली आणि माझ्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही.

सुगंधाबाई सून म्हणून माझ्यातच आल्या आणि माझ्यातच म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा मुलगा चुडामण याला मला पाडून तिथे दुकाने काढायची होती. यंदा, १९९२ साली, शहरातल्या जुन्या वास्तू पाहायला पुण्याहून एक बाई येणार असे कळले. चुडामण म्हणाला, "आई, त्यांनी हे घर जपण्याजोगं ठरवलं, तर मी विटेलाही हात लावणार नाही."

सुगंधाबाईंनी लगेच झुलालभाऊ गवंड्याला बोलावले. तो मला न्याहाळून हसला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला,

"अक्का, हाई कसं जुनं शे? ना कमान, ना नक्षी. बठ्ठं घर सपाट! पुन्यानी बाई म्हनी, कालदिनच बांधेल शे."

"मंग जुनं करी टाक ना, भाऊ!"

झुलालने मन लावून काम केले. छज्जा तोडून कमानी काढल्या, कोपऱ्यांवरच्या खिडक्या बुजवल्या, दारात नक्षीचे लाकडी खांब उभे केले. त्या खांबांवर कसलाच भार नव्हता. आत उकाडा वाढला. सुगंधाबाई पदराने वारा घेत म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. घर तर वाची जाई."

पुण्याच्या बाई आल्या. कोपऱ्यावरचा नवा गिलावा चाचपून त्यांनी विचारले, "इथं खिडकी होती का?"

"होती ना. तुम्हाला जुनं लागतं म्हणून बुजवली."

बाईंनी गिलाव्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "आजी, तेच तर जुनं होतं. नक्षीचे वाडे मी गावोगावी पाहिले. इथं आले होते ती बिननक्षीचं घर पाहायला. आता हे जपा, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

सुगंधाबाई त्या बुजवलेल्या खिडकीकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, आता दिवाळीनंतर मला पाडणार आहेत. सुगंधाबाईंवर माझा राग नाही. त्यांच्याइतकी माया मला कोणी लावली नाही. पण तुमच्या गल्लीत असे एखादे साधे घर असेल, तर त्याला सजवण्याआधी एवढे विचारा, की ही खिडकी इथेच का ठेवली असेल? मला ते कोणी विचारले नाही, आणि मला सांगता आले नाही.