शेपूट बघा, शेपूट!

मी एक जुने गिधाड आहे. माझा जन्म डोळखांबच्या रानात, एका उंच जांभळीवर—

"घार! घार आली रे!"

पुन्हा सुरुवात करतो. मित्रांनो, मी एक जुने गिधाड आहे. घार नाही. घारीची शेपूट मध्ये चिरलेली असते, माझी आखूड आणि गोलसर. माझे पंख फळीसारखे रुंद, टोकांची पिसे बोटांसारखी फाकलेली. वळताना पाठीवरचा पांढरा डाग दिसतो. एवढे सगळे आभाळात उघडे टाकून मी फिरतो, तरी—

"गरुड हाय तो!"

नाही!

असो. लहानपणी आम्ही पुष्कळ होतो. मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आम्ही उतरायचो आणि रान स्वच्छ करायचो. लोक नाक दाबून का होईना, "बरे झाले" म्हणायचे. मग गुरांच्या दुखण्यावर एक औषध आले. ते टोचलेली गुरे मेली, ती आम्ही खाल्ली आणि आमचे थवेच्या थवे गेले. आता जांभळीवर एकच घरटे उरले आहे. त्यात आमचे एकच पिल्लू आहे. मी जे गिळून नेतो, तेच त्याच्या चोचीत—

"वयनी, आज याचा निकालच लावू!"

हा पंढरी. पाड्यावरच्या ताराबाईंचा शेजारी. ताराबाईंच्या कोंबडीची पिल्ले एकेक करून नाहीशी होत होती. नेत होती मोरघार. ती झाडाआडून खालून येते आणि जिवंत पिल्लू उचलते. पण ती दिसते क्षणभर आणि मी दिसतो दिवसभर. मग चोर कोण? मीच!

पंढरीने मेलेल्या कोंबडीत विष कालवून ती बांधाजवळच्या कातळावर ठेवली. आता सांगा, मोरघार मेलेले कशाला खाईल? फक्त मेलेल्यावर जगणारा या आभाळात मी एकटा. म्हणजे चोरासाठी लावलेल्या सापळ्यात फक्त निरपराधच सापडणार होता. काय ही हुशारी!

मला वरून विष कसे दिसणार? मला कोंबडी दिसली. पिल्लू उपाशी होते. मी घिरट्या घालत खाली येऊ लागलो.

अंगणात ताराबाईंची सून रंजिता मान वर करून उभी होती. "आये, ही घार नाय वाटत. शेपूट बघा, आखूड हाय."

अखेर! शेपूट!

"शेपटीचं काय लोणचं घालतेस?" पंढरी म्हणाला. "येवढा मोठा पक्षी कोंबड्या नाय तर काय भाकऱ्या खातो?"

तेवढ्यात माझी सावली अंगणावरून सरकली. अगदी कोंबडीवरून, तिच्या उरलेल्या पिल्लांवरून. ताराबाई पिल्ले झाकायला डालगे घेऊन धावल्या आणि मध्येच थांबल्या.

कोंबडी उकिरडा उकरत होती. तिने वर पाहिले आणि पुन्हा उकरायला लागली.

"आगो," ताराबाई म्हणाल्या, "सकाळी तो चोर आला तवा हिनं आख्खा पाडा डोक्यावर घेतला. आन्‌ आता बघ, ढिम्म! हा तो नाय रे, पंढरी! आरं, कातळावरची ती कोंबडी उचल!"

पंढरी जागचा हलेना. मी कातळावर उतरलो, चोच पुढे केली, तोच ताराबाई ओरडत आल्या आणि माझ्यापुढची कोंबडी पाटीत टाकून घेऊन गेल्या. तेव्हा मी फार चिडलो. एका उपाशी बापाच्या तोंडचा घास काढायचा? त्यांनी तो घास खोल खड्ड्यात पुरला आणि वर दगड ठेवले. का, ते मला पुढे कळले. त्या संध्याकाळी आमचे पिल्लू उपाशी झोपले. पण सकाळी उठले.

पंढरी आजही मला बघून म्हणतो, "गरुडच असंल."

मित्रांनो, आमची शेपूट बघायला तुम्हाला वेळ नसेल, पंख बघायचा कंटाळा असेल, तर राहू द्या. पण विष कालवण्याआधी निदान कोंबडीला तरी विचारा.