बोर्डावरचा भुजंग

“भुजंगमामा, धूर तुमच्या डोळ्यात जाऊन राह्यला का?” बिडी ओढत कडूबानं विचारलं. विचारलं ते वरच्या बोर्डाला. खरा भुजंग शेजारीच डबा सोडून बसला होता.

रोलिंग मिलच्या गेटासमोर सावली म्हणावी तर तेवढीच, त्या बोर्डाची. त्यामुळं बिडी सोडायला सांगणाऱ्या बोर्डाखाली अख्खी पाळी बिड्या ओढायची.

बोर्डावर भुजंगचं तोंड, बैलगाडीच्या चाकाएवढं. आरोग्य शिबिरात फोटोवाला म्हणाला होता, “मामा, जरा खोका. आता तसंच इकडं बघा.” भुजंगला वाटलं, केसपेपराला लागत असेल. पुढं एका सकाळी कामावर आला, तर गेटासमोर तो स्वतःच टांगलेला: ‘यानं ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका.’

त्या बोर्डानं एकाच माणसाची बिडी सुटली. भुजंगची. एक तर लाज, त्यात लेक शालू बाळंतपणाला आलेली.

शालूचं नाक मात्र तिखट.

“बाबा, सिस्टरनं सांगितलंय, बिडीवाल्याच्या मांडीवर लेकरू द्यायचं न्हाई.”

“अगं, सोडली की!”

“मंग सदऱ्याला वास कशाचा? अन् बोर्डावर काय लिव्हलंय?”

पुष्पाबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, “एवढा मोठा बोर्ड खोटं कशाला लिव्हील?”

भुजंग शिबिरवाल्यांच्या हापिसात गेला. “साहेब, ‘यानं सोडली’ एवढंच लिव्हा.”

“मामा, सोडलेल्याला बघून कोण भ्यायचं? फोटो बिलकुल मरणाचा आलाय तुमचा. बाकी तब्येत बरी ना?”

शालू सासरी, घनसावंगीला निघाली त्या दिवशी भुजंगला रजा मिळाली नाही. पण जीप गेटावरूनच जाणार होती आणि गतिरोधकावर हळू होणार होती. धुतलेला सदरा घालून तो बोर्डाच्या समोर, रस्त्याच्या पल्याड, बिड्यांपासून लांब, भर उन्हात उभा राहिला. एकदा तरी लेकरू हातात येईल म्हणून हात साबणानं धुतले होते.

जीप आली. हळू झाली. शालूनं लेकराचा इवलासा हात धरून हलवला.

“आबाला टाटा कर, टाटा!”

बोर्डाकडं बघून.

भुजंगनंही तिच्या पाठीमागून हात हलवला. जीप गेली.

“मामा, या की सावलीला,” कडूबानं पलीकडून हाक मारली.

भुजंग उन्हातच उभा राहिला, धुतलेले हात सदऱ्यापासून लांब धरून.