बुटातले सहा केस

व्हर्लीन टकेट डेलावेअरच्या एका कारखान्यात चंद्रावर उतरणाऱ्यांचे बूट शिवायची. म्हणजे पोशाखाच्या पायांवरून चढवायचे जाड बूट. परत निघताना वजन नको म्हणून ते तिथेच टाकून यायची रीत होती. एकोणसत्तर साली पहिली माणसं उतरली, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा डॅरिल फौजेतून रजेवर आला होता. टीव्हीसमोर बसून तो म्हणाला, "आई, म्हणजे तुझे टाके तिथे कायमचे राहणार?"

आठवड्याने तो व्हिएतनामला गेला. राहा, जाऊ नकोस, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या बापानेही एक लढाई केलेली. लोक काय म्हणतील, म्हणून ती गप्प बसली. या 'लोक काय म्हणतील'ने जेवढी घरं बुडवली, तेवढी पुरांनीही बुडवली नसतील.

शवपेटी आली ती बंद, वर 'उघडू नये' अशी चिठ्ठी. व्हर्लीनला शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. उरलं काय, तर घरच्या बायबलात जपून ठेवलेलं त्याचं जावळ.

दोन वर्षांनी पुढच्या एका मोहिमेचे बूट शिवायला आले, तेव्हा त्या जावळातले सहा केस तिने एका बुटाच्या चंदेरी थरांमध्ये ठेवले आणि वरून टाके घातले. लेकराला एखादी शांत जागा मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं. विसरलेली टाचणी सापडावी म्हणून तिथे प्रत्येक बुटाचा एक्स-रे काढत. केस काही एक्स-रेत दिसले नाहीत. बूट पास झाला.

मग तो बूट घालून चंद्रावर जाणारा हॉलिस कारखाना बघायला आला. उंच, लाजाळू माणूस. एकेकीचे आभार मानत तो व्हर्लीनपाशी थांबला.

"बाई, माझ्या आईला झोप लागत नाही. मी तिला सांगितलंय, बूट तुमच्या हातचे आहेत, काळजी करू नकोस."

दोन दिवस व्हर्लीनला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी ती ओपलपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ओपल शिवणखात्याची मुख्य. टाचण्या मोजून देणारी, एक कमी भरली तर अख्खी खोली झाडायला लावणारी.

ओपलने हातातल्या टाचण्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "सहा केसांनी काही झालंही नसतं गं. बोलली नसतीस तर कुणाला पत्ता लागला नसता."

"आणि झालं असतं तर? त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं, ओपल?"

नापास बूट शिवणारीनेच कापायचा, चुकून वापरात जाऊ नये म्हणून, असा नियम होता. व्हर्लीनने स्वतः कात्री चालवली. थरामागून थर सुटत गेले. चार केस सापडले. दोन कितीही शोधले तरी मिळाले नाहीत. तिथली चिंधीसुद्धा बाहेर न्यायला बंदी होती, पण ओपल पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली, तोवर व्हर्लीनने ते चार केस रुमालात बांधले.

नवे बूट व्हर्लीननेच शिवले, ओपलच्या नजरेखाली. ते घालून हॉलिस चंद्रावर तीन दिवस हिंडला. शेजारणी टीव्हीकडे बोट दाखवून तिचं कौतुक करत होत्या. बूट मागे टाकून माणसं घरी निघाली, तेव्हा व्हर्लीनने मांडीवरचं बायबल उघडलं, जावळावर बोट ठेवलं आणि इतकी वर्षं अडकलेलं बोलली.

"राहा रे बाळा. घरीच राहा."