शंभर खडे, तीन लिटर

"किती गेलं? मोठ्यानं सांग!" महाराजांचा चेला ओरडला.

पंपावरचा कामगार पाइप हातात धरून मशीनच्या आकड्याकडे बघतच राहिला. "तीन," तो म्हणाला. "तीनच लिटर."

जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला. कुणी शिट्टी मारली, तर कुणी त्या जुनाट फोर-व्हील गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकवलं. चोपन्न किलोमीटर धावून आलेली, पंचवीस वर्षं वयाची, धूर ओकणारी, चढावर खोकणारी गाडी तीन लिटर डिझेल प्यायली होती. म्हणजे लिटरला अठरा. आमच्या गावात असल्या गाड्या नऊ देतात. उतार असला, वारा पाठीमागून असला आणि मालक खोटं बोलत असला तर दहा.

त्या दिवशी गर्दीत मी होते, कडेवर चार वर्षांची मुलगी होती आणि शेजारी माझा नवरा होता. मी त्याच्याकडे बघितलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका खूश दिसला नव्हता.

आमचं सगळं घर अशाच एका गाडीवर चालतं. डोंगरापलीकडच्या खाणीवर कामगारांना नेणं-आणणं हा नवऱ्याचा धंदा. गावात अशा तीसेक गाड्या आहेत, आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या डॅशबोर्डच्या खणात एक वही असते. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचा, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल आत गेलं तेवढं गाडीनं जाळलं. किलोमीटर भागिले लिटर. पद्धत सरळ आणि प्रामाणिक. आमची वही मी लिहिते, कारण नवऱ्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही.

टाकीमहाराजांनी नेमकी हीच पद्धत हेरली होती. हे नाव ड्रायव्हरांनीच ठेवलेलं. गावापासून सत्तावीस किलोमीटरवर, एका बंद पडलेल्या गोदामात त्यांनी बस्तान मांडलं होतं. रविवारी सकाळी पंपावर टाकी भरायची, महाराजांकडे जायचं, तिथे त्यांच्या हातून शंभर 'सिद्ध खडे' टाकीत सोडून घ्यायचे, आणि परत येऊन त्याच पंपावर टाकी भरायची. खडे छोट्या लिंबाएवढे, काळे, तेल लावून चकचकीत केलेले. आमच्या गाड्या जुन्या, टाकीचं तोंड रुंद आणि आत जाळीबिळी काही नाही. खडे एकामागून एक डुबुक डुबुक आत जायचे, आणि महाराज डोळे मिटून बोलायचे:

"इंजिन म्हणजे काय? भूक! भुकेला काय हवं? संयम! माझा खडा इंजिनाला उपास शिकवतो. डिझेल त्याला बघून लाजतं, बाळांनो, लाजतं आणि हळूहळू जळतं!"

डिझेल लाजतं म्हणे. आणि पोरंबाळं असलेली, कामधंदा करणारी माणसं यावर माना डोलवत होती.

दक्षिणा पैशांत घेत नसत, याचं सगळ्यांना कोण कौतुक! दक्षिणा होती पाच लिटर डिझेल, डब्यात वेगळं नेऊन गोदामातल्या ड्रममध्ये ओतायचं. इंधन वाचवणारा महात्मा इंधनच मागतो, हे कुणालाच खटकलं नाही. मी बोलून दाखवलं, तर माझा धाकटा दीर फिस्कन हसला. तोही ड्रायव्हर, आणि महाराजांचा पट्टशिष्य.

"वहिनी, तुम्ही कॉलेजात शिकलात ना, म्हणून तुमच्या डोक्यात शंकेचा किडा आहे. आकडा खोटं बोलतो का? तुम्हीच तर वही लिहिता!"

लिहीत होते, आणि म्हणूनच काळजीत होते. आमच्या गाडीत खडे पडले त्या दिवशी वहीत अठरा आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा नऊ, नंतर पावणेनऊ. नवरा महाराजांकडे धावला.

"पहिल्या खड्यांना अहंकार झाला," महाराज म्हणाले. "वर आणखी शंभर लागतील."

आणखी शंभर पडले. त्या दिवशी पुन्हा अठरा, आणि नंतर पुन्हा नऊ.

"अहो, हे बघा तरी," मी वही नवऱ्यापुढे धरली. "खडे टाकले त्याच दिवशी अठरा येतात. बाकी रोज नऊ."

"बाकी दिवस रस्ता खराब असतो गं. गाडीची खरी ताकद अठराच."

माणसाला जे हवं असतं तेवढंच वहीत दिसतं. पण माझा जीव खाली-वर होत होता तो आणखी एका गोष्टीनं. आमच्या मुलीला दम्याचा त्रास आहे. मोठं हॉस्पिटल दीडशे किलोमीटरवर, आणि मध्ये नुसतं खडकाळ माळरान. ना वस्ती, ना पंप. नवरा गाडीच्या मागे वीस लिटरचा डिझेलचा कॅन कायम बांधून ठेवायचा. महाराजांनी तो सोडायला लावला. "कॅन म्हणजे अविश्वास. जिथे अविश्वास तिथे माझा खडा झोपतो."

मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. कॅन काही परत गाडीत चढला नाही.

आणि एका सकाळी मुलीची छाती वाजायला लागली. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी वाफ दिली, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "थांबू नका, हॉस्पिटलला न्या." आम्ही निघालो. पंपावर लांबलचक रांग होती.

"टाकी भरून घ्या," मी म्हटलं.

नवऱ्यानं काट्याकडे बोट दाखवलं. "अर्धी आहे. बावीस लिटर गुणिले अठरा. जाऊन-येऊन तीनशे होतील, वर शंभर शिल्लक. आता रांगेत वेळ घालवू?"

मुलगी माझ्या मांडीवर धापा टाकत होती. रांगेत घालवायला वेळ नव्हता हे खरंच. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

माळरानावर दगडगोट्यांत चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा त्यानं लिव्हर ओढून पुढची चाकंही जोडली. फोर-व्हीलमध्ये गाडी जास्त पिते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण खडे होते ना! एकशेदहाव्या किलोमीटरला इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं. काटा पाव टाकीच्या जरासा खाली, अगदी स्थिर.

"डिझेल आहे," नवरा काटा ठोकत म्हणाला. "डिझेल आहे गं! काहीतरी दुसरंच झालंय."

एक तास पन्नास मिनिटं. मी मिनिटं मोजली, मुलीचे श्वास मोजले, दम्याच्या पंपाचे फवारे मोजून दिले. तिचे ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा मी मोजणं सोडून दिलं. मग एक ट्रक आला. ट्रकवाल्यानं काडी घालून टाकी बघितली आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की मला त्याची कीव आली. "दादा, कोरडी आहे. आत दगडं वाजतायत तुमच्या." त्यानं स्वतःचं डिझेल दिलं, नळीतली हवा काढून इंजिन चालू करून दिलं, आणि आमचे आभार न ऐकताच निघून गेला.

मुलगी चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. वाचली.

घरी आलो तर दीर दारातच. "वहिनी, राग मानू नका, पण महाराज म्हणाले, तुमच्या संशयानं खडे बाटले."

मी मुलीला आत झोपवून बाहेर आले. "भाऊजी, पुन्हा हे वाक्य या घरात बोललात, तर बाटलेला एक खडा तुमच्या कपाळावर बसेल."

मग मी मिस्त्रीकाकांचं गॅरेज गाठलं. त्यांनी टाकी खाली उतरवली, तोंड उलटं केलं. दोनशे खडे पोत्यावर गडगडले. मी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली मागितली, ती परातीत ठेवली आणि एकेक खडा आत सोडत गेले. पाणी काठावरून परातीत सांडत गेलं. परात भरेल तशी लिटरच्या मापानं रिकामी करत होते. दोनशे खडे, सहा मापं.

"शंभराला तीन," मिस्त्रीकाका पुटपुटले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा महाराज तर आधी तिकडे शहरात डिझेलच्या पंपावर कामाला होता. याला लिटर कळणार नाही तर कुणाला कळणार!"

रविवारी आम्ही गोदामात गेलो. नवरा गाडी चालवत होता. गर्दी नेहमीचीच. मी महाराजांना हात जोडून म्हटलं, "आमच्या गाडीला फायदा झाला नाही. सगळ्यांसमोर पुन्हा करायचं का?"

"ये बाळ, ये," महाराज खुलले. "शंका घेऊन आलीस, श्रद्धा घेऊन जाशील."

मिस्त्रीकाकांनी महाराजांच्याच दक्षिणेच्या ड्रममधून आमची टाकी काठोकाठ भरली. मग गाडीखाली शिरून बूच सैल केलं आणि मोजून सहा लिटर खाली काढून घेतलं.

"हे काय चाललंय?" चेला ओरडला.

"चोपन्न किलोमीटरला नऊच्या हिशोबानं सहा लिटर लागतात," मी म्हणाले. "ते आम्ही जाळायच्या ऐवजी काढून घेतलं. आता गाडीनं सहा लिटर खर्च केलंय असं समजा. बरोबर?"

ड्रायव्हरांनी माना हलवल्या. हिशोब त्यांचाच होता.

मी पिशवी उघडली. आमच्या शेजारी घर बांधतायत, तिथल्या ढिगाऱ्यातले शंभर दगड होते, महाराजांच्या खड्यांएवढेच निवडून धुऊन पुसून घेतलेले. सिद्ध नव्हते, नुसतेच दगड. मी ते टाकीत सोडले. डुबुक डुबुक.

"आता भरा," मी नवऱ्याच्या हातात माप दिलं.

त्यानं एक लिटर ओतलं. दुसरं ओतलं. तिसरं ओतलं, आणि डिझेल टाकीच्या तोंडाशी आलं. माप हातात तसंच धरून तो उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"किती?" मी विचारलं.

त्यानं माप खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "तीन. तीनच."

"गाडी किती चालली?"

"नाही चालली." आणि तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं. "चावीसुद्धा फिरवली नाही! सहा काढलं, तीन घातलं, टाकी भरली. बाकी तीन लिटरची जागा दगडांनी खाल्ली! काटा हलवणारा टाकीतला गोळासुद्धा त्या दगडांवरच टेकून बसला होता, आणि माझी पोरगी माळावर..."

"अपवित्र खडे!" महाराज उठून उभे राहिले. "हे बाजारू दगड आहेत!"

"असतील," मी म्हटलं. "पण काम तर तुमच्या पवित्र खड्यांएवढंच केलं. अगदी थेंबाथेंबाला सारखं. आता एकच विनंती. तुमची स्वतःची गाडी बाहेर उभी आहे, तिच्या टाकीत किती खडे आहेत ते दाखवा."

"माझी गाडी सिद्ध आहे, तिला गरज नाही!"

मिस्त्रीकाका तोवर काडी घेऊन महाराजांच्या गाडीपाशी पोचले होते. त्यांनी काडी आत फिरवली, चारी कोपऱ्यांत ठोकली. नुसता पत्रा वाजला. एक खडा नाही. मागे मात्र वीस वीस लिटरचे दोन कॅन, घट्ट बांधलेले.

सगळ्यात आधी माझा दीर पुढे झाला. महाराजांच्या पायाकडे नाही, त्यांच्या ड्रमकडे. त्यानं तो लाथेनं आडवा केला नाही, कारण डिझेल आमचंच होतं. त्यानं शांतपणे नळी लावली आणि म्हणाला, "ज्याचं त्याचं पाच लिटर, ज्यानं त्यानं परत घ्यायचं. रांग लावा." तोवर महाराज मागच्या दारानं निघून आपली गाडी घेऊन पसार झाले होते. दोन्ही कॅन भरलेले, तेव्हा लांब गेले असतील.

हे सगळं मी लिहून काढलं, कारण त्या दिवशी जे गोदामात नव्हते असे चार-पाच ड्रायव्हर अजून खडे घेऊनच फिरतायत. एक जण परवा मला म्हणाला, "ताई, असू द्या आत, नुकसान तर नाही ना काही."

आहे. फार मोठं नुकसान आहे. तुमचा काटा खोटं बोलतोय. तुमची टाकी तुम्हाला वाटते तेवढी मोठी राहिलेली नाही. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर आकड्याला हात जोडू नका, तो मोजला कसा ते विचारा. मधल्या वेळात आत काय टाकलं ते विचारा. एकदाच नाही, दहादा मोजा, आणि चांगले दिवस लक्षात ठेवून वाईट दिवस विसरू नका. विचारल्यानं कुठलाच खरा गुण बाटत नाही. ज्याचा गुण विचारल्यावर पळतो, तो माणूसच पळण्याच्या तयारीत असतो.

मिस्त्रीकाका खडे काढायचं काही घेत नाहीत. टाकी उतरवायला अर्धा दिवस लागतो. उद्या सकाळची पहिली फेरी सोडा आणि आधी तिकडे जा. तुमच्या मागच्या सीटवर कुणाचं ना कुणाचं मूल बसणार आहे, आणि त्या माळावर दर तासाला ट्रक येत नाही.